घ्या, वेलची घ्या

बँकेत माझ्या काउंटरची रांग सगळ्यात आधी संपायची. पासबुक सरकवायचं, काम झालं की उचलायचं आणि दोन पावलं मागे सरायचं, अशी शिस्तच लोकांना लागली होती. मॅनेजरसाहेबांनी एकदा भर मीटिंगमध्ये माझं उदाहरण दिलं. "बघा, यांच्या खिडकीवर कुणी गप्पा मारत रेंगाळत नाही!" मी लाजून मान खाली घातली.

शेजारच्या खिडकीतले नाना रोज सकाळी डबी पुढे करत. "घ्या, वेलची घ्या." वेलचीचा भाव काय, आणि हा माणूस रोज दोन-दोन वाटतोय! तीन वर्षं मी त्यांना दिलदार समजत होतो.

बिंग फुटलं २०२० मध्ये. तोंडावर मास्क चढला आणि माझा श्वास पहिल्यांदाच मला साभार परत आला. वाटलं, मास्कच खराब आहे. दुसरा लावला. तोही खराब. चौथ्या मास्कनंतर मात्र दुकानदारावरचा संशय सोडावा लागला. आपला वास आपल्याला येत नाही, कारण नाक त्याला सरावतं. बाकीच्यांच्या नाकांना ही सोय नाही.

घरी हळूच विचारलं, "माझ्या तोंडाला वास येतो का गं?"

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ता विचारताय?"

मग ओवा झाला, लवंग झाली, बडीशेप झाली. कुणीतरी पेरूची पानं चावायला सांगितली. ती चावल्यावर जुना वास अधिक पेरू असा एक तिसराच प्रकार तयार झाला. पचन बिघडलंय म्हणून आठवडाभर त्रिफळाही घेतला. त्याचा जो काही परिणाम झाला, तो तोंडावर नव्हता.

शेवटी दातांचे डॉक्टर. त्यांनी कॅप बसवलेल्या दाढेच्या फटीत धागा घातला, वरखाली केला, बाहेर काढला आणि थेट माझ्या नाकाखाली धरला. "घ्या, वास घ्या." धाग्याला पिवळट कणभर काहीतरी लागलं होतं. कणभर! त्या कणाने मी खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरलो, अगदी माझ्या खातेदारांसारखा.

"पोटाचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांचं दुखणं तोंडातच असतं." जिभेचा मागचा भाग आणि दातांच्या फटी, जिथे हवा पोचत नाही, तिथे जंतू अन्नातली प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. दिवसा लाळ धुऊन नेते. रात्री लाळ आटते, म्हणून सकाळचं तोंड असं. उपवासाला तर चावणंच नाही, म्हणजे लाळही कमी. त्यातला एक वायू सडक्या अंड्याचा, हायड्रोजन सल्फाइड. दुसरा मिथाइल मरकॅप्टन. गॅसची गळती कळावी म्हणून सिलिंडरमध्ये इथाइल मरकॅप्टन घालतात, त्याचा हा चुलतभाऊ. रात्री दिवा मालवून मी काही बोललो की बायको "अहो, गॅस बंद केलात ना?" असं का विचारायची, याचा उलगडा मला त्या खुर्चीत झाला.

आता आईची तांब्याची जिभली माळ्यावरून खाली आली आहे. मागून पुढे ओढायची, पण फार मागे गेलं की ओकारी येते आणि शेजारी खिडकीतून चौकशी करतात. रात्री ब्रश, मग धागा. पहिल्या दिवशी धागा बोटांना इतका आवळला की बोटं निळी पडली. शिवाय दिवसभर घोट घोट पाणी.

महिन्याभरात फरक पडला. पुढे मास्कही गेले. एक आजोबा माझ्या खिडकीवर दोन्ही कोपरं टेकवून सुनेपासून पेन्शनपर्यंत सगळं बोलले. रांग दारापर्यंत गेली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "काय हो, हल्ली काम रेंगाळतंय तुमचं?"

मग आली कांदेनवमी. चातुर्मासाआधीची शेवटची संधी म्हणून कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ आणि वर लसणाची चटणी. लसणाचा वास रक्तात उतरून फुफ्फुसांतून बाहेर पडतो, तिथे जिभली पोचत नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतंच. दुसऱ्या दिवशी बारापर्यंत माझी रांग साफ.

नानांनी मात्र डबी काढली नाही. त्यांच्या खिडकीवरही त्या दिवशी कुणी थांबत नव्हतं.