टेबल हलतंय

आमच्या कोल्हापुरात 2024 च्या ऑगस्टपासून ज्याच्या त्याच्या डोक्यात रायफल शिरलीय. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला रायफलच्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या स्पर्धेत, ब्राँझ मारलं, खाशाबा जाधवांच्या 1952 च्या मेडलनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या गड्याला वैयक्तिक ऑलिंपिक मेडल, मग काय, गल्लीत चष्मेवाले पण एक डोळा मिटून बघायला लागले. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हाही मला असाच झटका आलेला, पण तेव्हा होम लोनचे हप्ते चालू होते. आता हप्ते संपलेत. म्हणून एअर रायफल घेतली, देशी, स्प्रिंगवाली, नळी दुमडून लोड करायची, 4.5 मिलिमीटरचे छर्रे आणि जोर 20 ज्यूलच्या आत, त्यामुळे लायसनची भानगड नाही.

मळ्यात विहिरीच्या मुरमाचा मोठा ढीग आहे, त्याच्यापुढं रद्दी ठासलेली पेटी, पेटीवर कार्ड, आणि 10 मीटरवर आपण. एवढ्यात काम होईल असं वाटतं ना? होत नाही. कारण दुर्बीण बसवली की ती आधी झिरो करावी लागते, म्हणजे दुर्बिणीतली फुली आणि छर्रा एकाच जागी यायला पाहिजेत, आणि ते करताना रायफल हातात धरून चालत नाही. छर्रा डावीकडं गेला तर दुर्बीण वाकडी की माणूस वाकडा हे कळणार कसं? कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा त्याच्या नऊपट जाड, तिथं हाताचा काय भरवसा. म्हणून टेबल पाहिजे, न हलणारं.

हे "न हलणारं" लिहायला सोपं आहे.

वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्याला नीट सांगितलं की बाबा यावर रायफल टेकवायची आहे, केसभर हललं तरी उपयोग नाही. तो म्हणाला, "साहेब, हत्ती उभा करा यावर." चार दिवसात म्हणून तीन आठवड्यांनी चौकोनी पाइपचं टेबल आलं, वर 19 एमएमचा प्लाय, रंग हिरवागार. मळ्यात ठेवलं आणि टुकूटुकू हलायला लागलं. एका पायाखाली पाचर मारली की समोरचा उचलतो, समोरच्याला मारली की तिसरा. वेल्डिंगवाल्याला फोन केला तर म्हणतो टेबल ओळंब्यात आहे, तुमची जमीन वाकडी आहे. सातबारा घेऊन ये म्हणायचं तेवढं बाकी राहिलेलं.

मग आले मामा. आमचे मामा पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेत आणि जगातल्या कुठल्याही वस्तूकडं ते इन्स्पेक्शनला आल्यासारखेच बघतात. म्हणाले, "चार पाय केलासच कशाला? तीन पायाचं कधी डुगडुगत नाही. तिवई बघ." हे खरं आहे बरं का, तीन टेकू कसल्याही उंचसखल जागेवर नीट बसतात. वेल्डिंगवाल्यानं पुढचे दोन ठेवून मागं मधोमध एक पाय मारला, ग्राइंडर फिरवला, आणि टेबल खरंच ढिम्म हललं नाही. मामा एवढे खूश झाले की समाधानानं मागच्या कोपऱ्यावर कोपर टेकून चहा प्यायला लागले. तिथं खाली पाय नव्हता. चहा, मामा, पाणसळ आणि छर्र्यांची डबी एका दमात जमिनीवर. छर्रे अजून सापडतायत. मामांचं म्हणणं की तत्त्व बरोबरच आहे, फक्त टेबलाजवळ माणूस यायला नको.

शेवटी गवंड्याला बोलावून विटांचे दोन खांब घातले आणि किचनच्या ओट्यातनं उरलेला कडाप्पा वर टाकला. आता हे हलवायचं म्हणजे भूकंपच पाहिजे. छाती आत घुसवायला कडाप्प्याला खाच पाडायची होती, त्यावर कटिंगवाल्यानं विचारलं, "बेसिन कुठलं बसवणार?"

आता पिशव्या. रायफल दगडावर थेट ठेवत नाहीत, पुढं एक वाळूची पिशवी आणि मागं दस्त्याखाली, म्हणजे खांद्याला टेकतो त्या भागाखाली, दुसरी, आणि मागच्या पिशवीला सशासारखे दोन कान असतात, दस्ता त्या कानांच्या मधे बसतो. पिशवी डाव्या हातानं जरा आवळली की दस्ता वर येतो आणि फुली खाली सरकते. फार सुंदर युक्ती आहे. ही सगळी थिअरी मी बायकोला शिलाई मशीनवर बसवून सांगितली. ती म्हणाली, "अहो, मुलीच्या गॅदरिंगला शेपटी शिवून मागितली तेव्हा तुम्ही मशीन बंद पडलंय म्हणाला होता ना?" तरी शिवून दिली, माझ्याच जुन्या जीन्सच्या पायाची, डबल टीप मारून. वाळू मात्र बांधकामावरची ओली होती, ती गच्चीवर वाळत घातली, चाळली, आणि रात्रीत शेजारच्यांच्या मांजरानं तिचा जो वापर करायचा तो केला. म्हणून मग ज्वारी भरली. ज्वारी हलकी पडते आणि उंदरांना पिशवीचा पत्ता लगेच लागतो, त्यामुळं परत वाळू.

एवढं सगळं झाल्यावर पहिल्यांदा बसलो, श्वास सोडला, ट्रिगर दाबला आणि छर्रे कार्डभर पांगले! हातात धरून मारतो त्याच्यापेक्षा वाईट. हा स्प्रिंगच्या रायफलचा खास गुण. आत लोखंडी पिस्टन सुटतो तेव्हा रायफल आधी मागं ढकलली जाते, पिस्टन पुढं हवेच्या गादीवर आपटला की पुढं हिसका देते, आणि हे होईपर्यंत छर्रा अजून नळीतच असतो. तिला दरवेळी सारखंच उड्या मारू द्यायचं, बस. घट्ट दाबलं किंवा टणक टेकणावर ठेवलं की ती कुठंही भिरकावते. म्हणजे गवंडी, कडाप्पा, वाळू, एवढा खर्च करून जे घट्ट केलं ते आता मऊ करायचं! आजीची गोधडी घडी घालून पिशवीवर टाकली, त्यावर डावा तळहात उताणा, त्यावर रायफल नुसती ठेवलेली, धरलेली नाही. आणि काय सांगू, पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. मामांनी स्वतः नाणं ठेवून बघितलं. नाणं परत दिलं नाही.

आता सगळं शांत झाल्यावर दुर्बिणीत वेगळंच दिसायला लागलं. फुली टुक टुक उडते, अगदी तालात. नाडी! खांदा दस्त्याला लागला की छातीतला प्रत्येक ठोका 10 मीटरवर दिसतो, चहा घेतला असेल तर जास्त. बायको एकदा दुर्बिणीतनं बघून म्हणाली, हे तुमचं बीपी आहे, नेम नंतर धरा.

डॉक्टरनं गोळी चालू केलीय आणि फुली जरा निवलीय. झिरो पक्का झाला. आता प्रश्न असा की 10 मीटर एअर रायफलची स्पर्धा उभं राहून असते, टेबल नाही, पिशवी नाही, काही नाही. उभं राहून मारले तेव्हा दोन छर्रे पेटीला लागले आणि बाकीचे मुरमात गेले, आणि यावेळी ना दुर्बिणीला दोष देता येत होता ना टेबलाला.

त्यामुळं मी सध्या बसूनच मारतो. पाऊस तोंडावर आलाय, गोधडी भिजेल, म्हणून मामांनी टेबलावर शेड घालायचं काढलंय. वेल्डिंगवाला काल माप घेऊन गेला. चार दिवसात देतो म्हणालाय.