अर्धा किलो साखर, अडीच रुपये

माझे अडीच रुपये एका माणसाकडे राहिले आहेत. आठ दिवस झाले, विसरायचं म्हणतो आणि चहात साखर घालताना पुन्हा आठवतात.

लातूरच्या एका मोठ्या मार्टात सेल होता. दोन हजारांच्या वर बिल झालं की एक किलो साखर नऊ रुपयांत. हे कळल्यापासून आमच्या घरात साखर आणणं बंद झालं. शेवटचे दोन दिवस तर शेजारून वाटी आणून चहा केला. आणि काउंटरवर माझं बिल येऊन थांबलं १,८४६ वर.

मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. ‘लातूर पॅटर्न’च्या गावात हे सांगणं म्हणजे पंढरपुरात मी टाळ वाजवतो म्हणून सांगण्यासारखं, पण हिशेबापुरतं सांगितलं. पस्तीस-छत्तीस रुपये वाचवायला १५४ रुपयांचं नको ते घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी हात चॉकलेटच्या बरणीकडे गेलाच.

“थांबा, थांबा. कशाला उगं पैसे घाललालाव?”

मागे एक म्हातारे गृहस्थ. पांढरा सदरा, टोपी, एका हातात साबणाच्या वड्या आणि हिंगाची डबी. दुसऱ्या हातात कुपनांची गड्डी, रबर लावलेली, तारखेवार. मी वर्गाच्या उत्तरपत्रिकासुद्धा इतक्या नीट लावत नाही.

“रिटायर ग्रामसेवक हाव मी. तात्या म्हनतेत मला. किती कमी पडलालंय?”

“एकशे चोपन्न.”

“माझं एकशे अडुसष्ट हाय. तुमच्यात धरा. साखर निम्मी-निम्मी.”

“अहो, पण बिल माझं...”

“बिलाला का कळतंय कोन कुनाचं हाय ते?”

या वाक्याला उत्तर नव्हतं. अजूनही सापडलेलं नाही.

काउंटरवरची मुलगी गोंधळली. मागच्या एका बाईंनी विचारलं, “एकाच घरचे हाव का तुमी?” मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, “व्हय की. जावाई हायत आमचे.” रांगेतल्या चार जणांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सासऱ्याला साबणसुद्धा घेऊन देत नाही, असा भाव एकदोन चेहऱ्यांवर स्पष्ट होता.

“सर, मोबाइल नंबर?” मुलीनं विचारलं.

दुकानदारानं ग्राहकाकडे नंबराचा हट्ट धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३ मध्येच सांगून ठेवलं आहे. मी हे दर वेळी मनात म्हणतो आणि मग नंबर मोठ्यानं सांगतो. त्या दिवशीही सांगितला, दहाच्या दहा आकडे, रांगेत सगळ्यांना ऐकू जातील असे.

“त्यो नगं बाई, माझा टाक,” तात्या म्हणाले. “माझ्यावर पॉइंट साठलेत.”

म्हणजे माझ्या १,८४६ रुपयांचे पॉइंट त्यांच्या खात्यात गेले. हे मला पार्किंगमध्ये कळलं. गणिताच्या मास्तराला कळायला तेवढा वेळ लागतो.

पैसे मी भरले. तात्यांच्या वाट्याला आले १७२ रुपये ५० पैसे. त्यांनी १७० मोजून माझ्या हातावर ठेवले. “अडीच रुपये सुटे न्हाईत. ऱ्हाऊ द्या, जावाई हाव तुमी.” बिलही त्यांनीच घडी करून घेतलं, कारण त्याच्या शेपटाला दोनशेचं कुपन होतं.

त्यांनी घडी घालायच्या आत त्या कुपनावरची बारीक अक्षरं मी वाचली होती. पुढच्या आठवड्यात दीड हजाराची खरेदी केली तर दोनशे सूट. मात्र त्यात साखर, तेल, तूप, डाळी, तांदूळ, आटा धरायचा नाही. माणूस जे जे खातो ते वगळून उरतं काय? फिनेल. दीड हजाराचं फिनेल घेतलं तर गंजगोलाईचे सोळाच्या सोळा रस्ते पुसून निघतील.

त्या सोळांतल्याच एका रस्त्यावर अप्पांचं दुकान आहे. आमचं खातं वडिलांच्या वेळेपासून. साखर तोलून झाली की अप्पा वर चिमूटभर टाकायचे, लहान लेकराच्या हातावर गुळाचा खडा. आता मार्टच्या पिशव्या गाडीला असल्या की मी त्या रस्त्यानं जात नाही, लांबून वळसा घालतो. वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातात ते असे. महिनाअखेरीला खिसा रिकामा झाला की मात्र पुन्हा अप्पाच. उधारीचा सेल अजून कुठल्या मार्टात लागलेला नाही.

अप्पांकडे तेलाचा डबा पंधरा किलोचा. मार्टात पंधरा लिटरचा, आणि तो स्वस्त. का स्वस्त? एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम, तेही पाकिटावर छापलेलं असतं. डब्यामागे सव्वा किलोहून जास्त तेल कमी. हे मी बायकोला कागदावर मांडून दाखवलं होतं. ती म्हणाली, मग मागच्या महिन्यात लिटरचा डबा कोणी आणला?

आणि तेल सोयाबीनचं. धाकटा भाऊ औसा तालुक्यात सोयाबीन करतो. २०२५ च्या खरिपाला हमीभाव होता ५,३२८ रुपये क्विंटल. भावाचं पावसात भिजलेलं, आडतीत चार हजारांच्या आतच गेलं. क्विंटलभर सोयाबीनला तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, बाकी पेंड. तेच तेल मी ‘४० रुपये सूट’ची चिठ्ठी बघून उचलतो आणि घरी येऊन सांगतो, आज वाचवले. भावाला हे कधी सांगितलेलं नाही. जाऊ द्या.

तर पार्किंग. साखर वाटायची कशी, या विचारात मी उभा. तात्यांनी पिशवीतून स्टीलचा रिकामा डबा आणि चहाचा कप काढला. घरून येतानाच आणलेला. म्हणजे मी नसतो तर दुसरा कुणी जावई झाला असता. किल्लीनं पाकिटाचा कोपरा फाडून त्यांनी माझ्या स्कूटीच्या सीटवर वाटणी मांडली.

“ह्यो तुमाला. ह्यो मला. ह्यो तुमाला.” त्यांचा कप शीग लावून, माझा काठाला बोट फिरवून.

हत्तीवरून साखर वाटतात एवढं ऐकलं होतं. मी स्कूटीच्या सीटवरून वाटून घेत होतो, आणि नेमके तेव्हाच माझ्या बारावीच्या वर्गातले दोघे समोरून आले.

“सर, साखर वाटलालाव? मुलगा झाला का?”

माझी मुलगी यंदा दहावीला आहे.

“जावाई हायत आमचे,” तात्यांनी खुलासा केला. पोरं हात जोडून निघून गेली. घरी येऊन वजन केलं, ४३० ग्रॅम. बायको काही बोलली नाही. वाटीभर साखर काढून ती शेजारी परत देऊन आली.

आज सकाळी सहा वाजता अनोळखी नंबरावरून फोन.

“सर, तात्या बोललालो. तुमचा नंबर ध्यानात ऱ्हायला बगा, रांगेत सांगितलाव त्यो. ते दोनशेचं कुपन उद्या चालू होतंय. फिनेल लागतंय का?”

मी म्हटलं, “आधी माझे अडीच रुपये.”

“त्येच्यातच धरू की.”

उद्या संध्याकाळी सहाला दारात भेटायचं ठरलं आहे. या वेळी कप मी नेणार.