मैत्री कसली, ताबेदारी म्हणा! : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दिग्दर्शक सत्यजित राय आणि त्यांचा आवडता नट सौमित्र चटर्जी यांच्या मैत्रीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सडकून लिहिलंत, ते आवडलं. ‘छान लेख’ म्हणणाऱ्यांना उत्तर तरी काय द्यायचं? तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सगळी दृश्यं आधीच वहीत चितारून ठेवणाऱ्या दिग्दर्शकापुढे नट म्हणजे हुकमाचा ताबेदार, तिथे मैत्री कसली? आणि एवढंच सख्य होतं तर राय यांचा ‘नायक’ हा सिनेमा सौमित्रऐवजी उत्तमकुमारकडे का गेला?

वहीचं खरंच आहे. दुकानदाराच्या चोपडीसारख्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांत राय दृश्यं काढत, कपडे ठरवत. पण ‘अपूर संसार’ (1959) आठवा. सौमित्र तेव्हा आकाशवाणीवर निवेदक, सिनेमाचा गंध नाही. त्याआधीच्या ‘अपराजितो’तल्या अपूसाठी (या चित्रमालिकेचा नायक) गेला होता, पण वयाने आणि उंचीने जास्त ठरला. पुढे ‘जलसाघर’च्या सेटवर राय यांनी त्यातले नट छबी विश्वास यांना त्याची ओळख करून दिली ती ‘माझ्या पुढच्या सिनेमातला अपू’ अशी. स्वतः सौमित्रलाही ते तिथेच कळलं! असल्या नवख्याला नाचवणं सोपं होतं. राय यांनी मात्र पटकथाच त्याच्या हातात ठेवली, आणि तो अपूवर टिपणं काढत बसला : पडद्यावर न दिसणाऱ्या मधल्या काळात हा माणूस काय करत असेल? ताबेदार असले उद्योग आपणहून करत नाहीत.

‘चारुलता’ (1964) पाहिला असेलच. गोष्ट 1879ची. अमल, म्हणजे सौमित्र, बागेत पालथा पडून लिहितोय, चारू झोपाळ्यावर. रवींद्रनाथांच्या अक्षराची छाप बंगाली हस्ताक्षरावर पडण्याआधीचा तो काळ, त्यामुळे अमलचं अक्षर जुन्या वळणाचंच हवं, असा राय यांचा आग्रह. सौमित्रने ते वळण इतकं घोटलं, की त्याचं स्वतःचं अक्षर कायमचं बदललं. आग्रह एकाचा, पण हात दुसऱ्याचा. यात ‘हुकूम’ किती आणि ‘हौस’ किती, हे तुम्हीच ठरवा. मला तरी वेगळं काढता येत नाही.

आता ‘नायक’ (1966). ती लोकप्रिय नटाची गोष्ट. ज्याला पाहून आगगाडीतले प्रवासी माना वळवतील, असाच चेहरा तिथे हवा होता, आणि भूमिका लिहिली गेली तीच उत्तमकुमारला डोळ्यांपुढे ठेवून. ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (1969)मधल्या गुपीसाठी तर सौमित्रने स्वतः गळ घातली होती. तू खेड्यातला पोरगा वाटणार नाहीस, म्हणून राय यांनी चक्क नाही म्हटलं आणि तपेन चटर्जींना घेतलं. माझ्या लेखाविरुद्ध हा पुरावा तुम्ही दिला असतात तरी मी तो माझ्याच बाजूने वापरला असता. मैत्री आहे म्हणून भूमिका दिली असती, तर तो वशिला झाला असता. आणि गंमत बघा, त्याच सौमित्रला त्यांनी ‘अशनि संकेत’ (1973)मध्ये खेड्यातला भटजी केलं. तिथे तो शोभत होता.

सिनेमाबाहेरचं तर तुम्ही विचारातच घेतलं नाहीत. 1961पासून सौमित्र आणि निर्माल्य आचार्य ‘एक्षण’ नावाचं वाङ्मयीन नियतकालिक काढत. नाव सुचवलं राय यांनी, आणि मुखपृष्ठंही वर्षानुवर्षं त्यांचीच. नावातली तीनच अक्षरं, पण दर वेळी नवा आकार, नवी मांडणी. पुढे राय यांच्या पटकथाही त्यात छापून आल्या. म्हणजे इथे संपादक सौमित्र, आणि माणिकदा (म्हणजे राय) त्याला चित्रं, मजकूर पुरवणारे. तुमची ताबेदारी इथे कुठल्या बाजूची धरायची?

‘राय नसते तर सौमित्र कोण?’ हा तुमचा टोला वाया गेलाय. तपन सिन्हांच्या ‘झिंदेर बंदी’ (1961)मध्ये उत्तमकुमारसमोर त्याने रंगवलेल्या खलनायकाची आठवण बंगाली प्रेक्षक आजही काढतात. मृणाल सेनांचा ‘आकाश कुसुम’ (1965) आहे, शिवाय आयुष्यभराची रंगभूमी आहे. राय यांच्याबरोबरचे चित्रपट 14च.

एक मात्र तुमचं पटलं : अपू आणि फेलूदा (राय यांचा गुप्तहेर, तोही सौमित्रनेच केला) यांच्या पलीकडे मी लेखात फार गेलो नाही. म्हणून सुचवतो, ‘अभियान’ (1962) मिळवून पाहा. दाढीवाला, तापट राजपूत टॅक्सीवाला, आणि तो सौमित्र आहे. तो पाहून झाला की उरलेलं भांडू.