इंजिन नंबर जुळला म्हणून गाडी ओरिजिनल ठरत नाही

जुन्या जपानी स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. डेटसन २४०झेड किंवा स्कायलाइन जीटी-आर (दोन्ही निसानच्याच गाड्या) घ्यायला निघालेल्या माणसाला कुणी ना कुणी तो पाठवतोच. त्यातले नियम थोडक्यात असे: इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर जुळले की गाडी शंभर टक्के ओरिजिनल. ज्या भागावर कंपनीचं नाव नाही तो डुप्लिकेट. कंपनीच्या सीलबंद खोक्यातून निघालेला भाग ओरिजिनल. जुनाट दिसणारा भाग खरा आणि चकचकीत भाग खोटा. शेवटचा नियम जीटी-आरचा: रिवेट मारलेले रुंद मडगार्ड, वाटानाबे या कंपनीची व्हील आणि तीन जोड-कार्बोरेटर (प्रत्येकाला दोन तोंडं) दिसले की ती अस्सल.

हे पाचही नियम चुकीचे आहेत, आणि त्यांच्या भरवशावर लोक मोठ्या रकमा मोजतात. १९७० साली अमेरिकेत २४०झेडची किंमत ३,५२६ डॉलर होती. जानेवारी २०२० मध्ये १९७१ ची, फार कमी चाललेली आणि जवळजवळ जशीच्या तशी राहिलेली एक २४०झेड लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. एवढा फरक पडायला लागल्यावर गाडीला ‘ओरिजिनल’ बनवून विकणारेही येणारच. २४०झेड मुख्यतः अमेरिकेत गेल्या. तिथे राहणारं आपलं कुणी एखादी घ्यायच्या विचारात असेल, तर त्याने हे नियम बाजूला ठेवावेत.

पहिला नियम सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर ‘जुळतात’ म्हणजे ते एकच असतात, असा बऱ्याच जणांचा समज आहे. २४०झेडमध्ये ते एक नसतात, आणि असायचं कारणही नाही. अमेरिकेला गेलेल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा चॅसिस नंबर एचएलएस३० ने सुरू होतो, इंजिनाचा एल२४ ने. दोन्ही मालिका वेगळ्या चालत, त्यामुळे पुढचे आकडे सारखे येणं हा निव्वळ योगायोग. जुळवायचं असतं ते बॉनेटखालच्या पाटीशी. त्या पाटीवर दोन्ही नंबर छापलेले असतात: इंजिनाचा तिथला नंबर ब्लॉकवर ठोकलेल्या नंबराशी आणि चॅसिसचा फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ठोकलेल्या नंबराशी ताडून बघायचा.

हे सगळं जुळलं, तरी काय सिद्ध झालं? हा ब्लॉक या बॉडीत बसवला होता, एवढंच. तेही नंबर खरे असतील तर. पाट्यांच्या नव्या प्रतिकृती मिळतात. ब्लॉकवरचा जुना नंबर घासून नवा ठोकता येतो. म्हणून नंबर वाचण्याआधी त्याच्या आजूबाजूची जागा बघायची: तिथे ग्राइंडरच्या रेघा आहेत का, अक्षरांची खोली आणि ओळ सारखी आहे का, पाटी ज्याने बसवली आहे ते रिवेट किंवा स्क्रू कधी निघालेले दिसतात का.

नंबर अगदी खरे निघाले, तरी ब्लॉकवर बसलेल्या हेडबद्दल (इंजिनाचा वरचा भाग) ते काहीच सांगत नाहीत. सुरुवातीच्या २४०झेडना ई३१ हेड होतं, नंतरच्यांना ई८८. हा कोड हेडच्या ओतकामातच उठवलेला असतो, पहिल्या स्पार्क प्लगजवळ. एल मालिकेतल्या इंजिनांची हेड एकमेकांवर बसतात. त्यामुळे १९७५ पासूनच्या २८०झेडचं एन४२ हेड जुन्या ब्लॉकवर चढवलेलं सर्रास आढळतं. उलटही झालं. ई३१ चा ज्वलनकक्ष लहान, म्हणून शर्यतीची इंजिनं बांधणाऱ्यांना ते हवं असे, आणि कित्येक सुरुवातीच्या गाड्यांची हेड त्यांनी काढून नेली. अशी गाडी ‘नंबर मॅचिंग’ म्हणून विकली जाते आणि विकणारा खोटं बोललेला नसतो. पण घेणाऱ्याला मिळतं अर्धं इंजिन त्या गाडीचं आणि अर्धं दुसरीचं.

कार्बोरेटरचीही तीच कथा. १९७० ते १९७२ च्या गाड्यांना हिताचीचे, एसयू या ब्रिटिश कंपनीच्या परवान्यावर बनलेले, गोल टोपीचे दोन कार्बोरेटर होते. १९७३ साली धुराचे नियम पाळण्यासाठी सपाट टोपीचे आले. गरम झाल्यावर ते त्रास देत, म्हणून मालकांनी ते काढून आधीचे गोल टोपीचे बसवले. १९७३ ची गाडी गोल टोपीच्या कार्बोरेटरवर अधिक चांगली चालते, यात शंका नाही, पण ते तिचे मूळ कार्बोरेटर नव्हेत. शिवाय गिअरबॉक्स, डिफरन्शियल, दारं, बॉनेट यांचा नंबर त्या पाटीवर नसतोच.

जपानमध्येच वापरलेल्या गाड्यांना तर हा नियम आणखी कमी लागू पडतो. तिथल्या नोंदणीपत्रावर चॅसिस नंबर असतो, पण इंजिनाचा फक्त प्रकार लिहिलेला असतो, त्या विशिष्ट इंजिनाचा क्रमांक नसतो. आर३२ पिढीच्या जीटी-आरचं इंजिन बदलून दुसरं आरबी२६ (त्याच प्रकारचं इंजिन) टाकलं, तर कागद जसाच्या तसा बरोबर राहतो. ‘नंबर मॅचिंग’ ही कल्पना अमेरिकी गाड्यांच्या बाजारातून आली. त्यातल्या अनेकांच्या इंजिनावर चॅसिस नंबराचाच भाग ठोकलेला असे. जपानी गाडीवर ती कल्पना तशीच लादली की उत्तरं चुकतात.

आता दुसरा नियम, कंपनीच्या नावाचा. निसान, टोयोटा किंवा माझदा यांनी गाडीतला प्रत्येक भाग स्वतः बनवला असता तर हा नियम चालला असता. तसं कधीच नव्हतं. २४०झेडच्या कार्बोरेटरवर हिताचीचं नाव असतं, दिव्यांवर कोइतोचं, मीटरवर कांतो सेइकीचं. ‘निसान नाही, म्हणजे डुप्लिकेट’ म्हणत एखाद्याने नेमके हेच भाग फेकून दिले, तर त्याने गाडीचं मूळपण स्वतःच्या हाताने घालवलं. त्या काळात कोणत्या भागाचा पुरवठादार कोण होता, ही माहिती हाताशी असणं बोधचिन्ह शोधण्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचं आहे.

भागावर ओतलेला आकडा आणि कंपनीचा पार्ट नंबर यांतही गल्लत होते. ई३१ हा ओतकामाचा कोड आहे. तो सुट्या भागांच्या यादीत शोधून सापडला नाही, म्हणून हेड खोटं ठरत नाही. निसानचा पार्ट नंबर दोन गटांत असतो: पहिली पाच चिन्हं भागाचा प्रकार सांगतात आणि पुढची पाच तो कोणत्या गाडीसाठी किंवा कोणत्या आवृत्तीचा ते. दारात गाडी उभी करून तपासणाऱ्याने हा दुसरा गट वाचायला शिकावं, कारण बदललेला भाग तिथेच पकडला जातो.

तिसरा नियम खोक्याचा. कंपन्या जुन्या गाड्यांचे भाग आता नव्याने काढत आहेत, आणि ते चांगलंच आहे. निसानने २०१७ साली आर३२ जीटी-आरसाठी निस्मो हेरिटेज पार्ट्स जाहीर केले, पुढे आर३३ आणि आर३४ ही त्यात आल्या. टोयोटाने २०२० मध्ये जीआर हेरिटेज पार्ट्सच्या नावाखाली जुन्या सुप्रासाठी आणि २०००जीटीसाठी भाग आणले. २०००जीटीच्या बाबतीत तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या आतले दातेरी भाग. माझदाने पहिल्या पिढीच्या रोडस्टरची दुरुस्ती कारखान्यातर्फे सुरू केली, आणि तिच्यासाठी ब्रिजस्टोनने मूळचे एसएफ३२५ टायर पुन्हा बनवले. या भागांमुळे गाड्या रस्त्यावर राहतात. पण २०२० साली बनलेला दातेरी भाग १९६७ च्या गाडीत बसवला, तर तो कंपनीचा असली भाग असतो, त्या गाडीचा मूळ भाग नसतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि विकणाऱ्याने त्या वेगवेगळ्या सांगायला हव्यात.

त्या काळात बनलेला पण कधीच न वापरलेला, गोदामात पडून राहिलेला भाग ही आणखी वेगळी गोष्ट. आणि आवृत्ती चुकली, तर तोही मूळ ठरत नाही. कंपनी एखादा भाग सुधारते तेव्हा सुट्या भागांच्या दुकानात जुन्याच्या जागी सुधारित भाग मिळू लागतो. १९७० च्या गाडीसाठी १९७४ मध्ये घेतलेला भाग खोक्यातला, कंपनीचा, पन्नास वर्षं जुना असू शकतो आणि तरीही त्या गाडीवर कारखान्यात बसलेल्यापेक्षा वेगळा असू शकतो.

जुनाट म्हणजे खरं, हा चौथा नियम एका वाक्यात निकालात निघतो: गंज आणि मळ आणता येतो. यापेक्षा कितीतरी चांगली खूण नट-बोल्टमध्ये आहे, आणि ती कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. जपानी गाड्यांत ८ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं बहुतेक १२ च्या पान्याचं असतं आणि १० मिलिमीटरच्या बोल्टचं १४ च्या. युरोपी मापाच्या बोल्टला तिथे १३ आणि १७ चा पाना लागतो. डोक्यावरचे आकडेही वेगळे: जपानी बोल्टवर ४, ७ किंवा ९, तर युरोपी पद्धतीच्या बोल्टवर ८.८ सारखा आकडा. चौफुल्या स्क्रूवर बारीक टिंब उठवलेलं असेल, तर तो जपानी मानकाचा. एखाद्या मडगार्डच्या चारपैकी दोन बोल्टना १३ चा पाना लागला, तर ते मडगार्ड कधीतरी उतरलेलं आहे. का उतरलं, हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारायलाच हवा. जपानी बोल्ट आजही मिळतात, त्यामुळे १२ चा पाना लागणं हा मूळपणाचा पुरावा नाही. १३ चा पाना लागणं मात्र बदलाचा चांगला पुरावा आहे.

पत्र्याकडेही याच नजरेने बघता येतं. कारखान्यातलं स्पॉट वेल्डिंग गोल, बसकं आणि बऱ्यापैकी सारख्या अंतरावर असतं. गॅरेजमध्ये लावलेल्या तुकड्यावर गॅस किंवा मिग वेल्डिंगची सलग रेघ किंवा घासलेले उंचवटे मिळतात. रंगासाठी बाहेरचा पृष्ठभाग बघून उपयोग नाही. आतली प्लॅस्टिकची आवरणं काढली की मागे मूळ रंग राहिलेला असतो. सुरुवातीच्या २४०झेडमध्ये सीटमागे हत्यारं ठेवायचे झाकणवाले कप्पे असत, तिथेही बघावं.

जीटी-आरचा नियम उरला. त्यातली एकही खूण जीटी-आर ठरवत नाही. वाटानाबेची व्हील बाजारातून बसवलेली असतात. हाकोसुका (शौकिनांनी पहिल्या स्कायलाइन जीटी-आरला दिलेलं नाव) कारखान्यातून त्यांवर आली नव्हती. रुंद मडगार्ड कुठल्याही गाडीला रिवेट मारून लावता येतात. तीन जोड-कार्बोरेटर एल इंजिनावरही बसतात. जीटी-आरचं एस२० इंजिन मात्र नुसतं बघूनही वेगळं कळतं: १९८९ सीसी, दोन कॅमशाफ्ट, २४ व्हॉल्व्ह. एल इंजिनाला एकच कॅमशाफ्ट. बॉनेट उघडून ज्याला हा फरक दिसला नाही, त्याने ती गाडी घेऊ नये.

पुढची तपासणी फायरवॉलवर. दोन दारांच्या खऱ्या हाकोसुका जीटी-आरचा कोड केपीजीसी१० असतो, चार दारांच्या गाडीचा पीजीसी१०. साध्या जीटी गाड्यांच्या कोडमध्ये तो ‘पी’ नसतो, कारण एस२० इंजिनाची खूण तोच आहे. फेअरलेडीतही (२४०झेडचं जपानमधलं नाव) तसंच: पीएस३० म्हणजे एस२० इंजिनवाली झेड४३२. डिकीत जीटी-आरची १०० लिटरची पेट्रोल टाकी असायला हवी. नक्कल करणारा अनेकदा तिथे हात राखतो. हाकोसुका जीटी-आर सुमारे २,००० च बनल्या आणि तिच्यानंतरची केनमेरी जीटी-आर अवघ्या १९७. त्यामानाने बाजारात ‘जीटी-आर’ किती दिसतात, हे कुणीही बघावं.

फिरणाऱ्या त्या मजकुरात एक गोष्ट पूर्णपणे राहून गेली आहे: गाडी कोणत्या महिन्यात बनली. अमेरिकेला गेलेल्या २४०झेडच्या दाराच्या चौकटीवरच्या पाटीवर महिना आणि वर्ष असतं. प्रत्येक भागाचा निकाल त्या महिन्यावरून लागतो. सुरुवातीच्या गाड्यांना मागच्या झाकणावर हवेच्या जाळ्या आणि बाजूच्या खांबावर ‘२४०झेड’ अशी अक्षरं होती. साधारण १९७१ च्या सुरुवातीला जाळ्या खांबावरच्या गोल ‘झेड’ चिन्हात गेल्या. हिरात्सुकाच्या कारखान्यात बदल एका रात्रीत होत नसत. शिल्लक भाग वापरून संपवले जात. म्हणून सीमेवरच्या महिन्यातल्या गाडीत दोन्हींचं मिश्रण निघालं, तर ते संशयाचं कारण नाही. सीटबेल्टच्या लेबलवर निर्मितीचा काळ असतो. तो गाडीच्या महिन्याच्या थोडा आधीचा हवा. नंतरचा असेल, तर पट्टे नक्की बदललेले.

तेव्हा विकणाऱ्याकडे सर्वांत आधी दाराच्या चौकटीवरच्या पाटीचा फोटो मागावा, मग हेडच्या कोडचा, कार्बोरेटरचा, सीटबेल्टच्या लेबलचा आणि फायरवॉलवरच्या नंबराचा, आजूबाजूचा पत्रा दिसेल असा. जाहिरातीत ‘शंभर टक्के ओरिजिनल’च्या जागी असं लिहिलेलं असावं: बॉडी ऑक्टोबर १९७१ ची, ब्लॉक पाटीशी जुळतो, हेड ई८८, कार्बोरेटर गोल टोपीचे, उजवं मडगार्ड बदललेलं, बॉनेटचे बिजागर नवे.