अॅनोडायझिंगने ब्रेकचा लिव्हर मजबूत होत नाही

परवा माझ्या भाच्याने मला एक संदेश पाठवला आणि पाठोपाठ विचारले, "मामा, पुढच्या ब्रेकचा लिव्हर आणि कॅलिपर लाल करायला घेऊ का? अॅसिड आणून ठेवले आहे." (कॅलिपर म्हणजे चाकाची चकती पकडून धरणारा ब्रेकचा भाग.) हा संदेश मोटारसायकलवाल्यांमध्ये बराच फिरतो आहे. बॅटरीचे अॅसिड, बॅटरी चार्जर आणि कापडाचा रंग एवढ्या सामानावर कोणताही धातूचा भाग अर्ध्या तासात घरच्या घरी रंगवता येतो, जुना थर नळी साफ करण्याच्या कॉस्टिक सोड्याने काढावा, वास पसरू नये म्हणून काम न्हाणीघरात दार लावून करावे, रंग आयुष्यभर टिकतो आणि भाग आधीपेक्षा मजबूत होत असल्यामुळे हँडलबार व ब्रेकचे भागही निर्धास्त करावेत, असे त्यात लिहिले आहे. भाचा हे सगळे खरे मानून बसला होता, म्हणून मला लिहावे लागत आहे.

यात खरे काय आहे ते आधी मान्य करतो. संदेशातली ही रीत म्हणजे अॅल्युमिनियमचे अॅनोडायझिंग, आणि ते घरी होऊ शकते. पाण्यात पंधरा ते वीस टक्के सल्फ्युरिक आम्ल, सुमारे वीस अंश सेल्सियस तापमान आणि बारा ते अठरा व्होल्टचा एकदिश प्रवाह असला, आणि तो भाग धन टोकाला जोडला, की त्याच्या पृष्ठभागावर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर धातूतूनच वाढू लागतो. त्या थरातल्या अतिसूक्ष्म छिद्रांत रंग शिरतो. वीज पुरेशी असेल तर अर्ध्या तासात रंग धरण्याजोगा थर तयार होतो, हेही खरे आहे. मात्र भागाच्या पृष्ठफळाच्या दर चौरस डेसिमीटरला साधारण एक ते दीड अँपिअर प्रवाह लागतो, हे संदेशात कुठेही नाही.

"कोणताही धातू" हे मात्र साफ चूक आहे. पोलाद या आम्लात धन टोकाला लावले तर त्यावर थर येत नाही, ते विरघळत जाते. जस्ताचा मुलामा आणि मॅग्नेशियमची कव्हरे आम्लच खाऊन टाकते, आणि मॅग्नेशियम चुंबकाला चिकटत नसल्यामुळे "चुंबकाला चिकटत नाही म्हणजे अॅल्युमिनियम" ही पारख इथे फसवी ठरते. क्रोमचा मुलामा असलेला भाग असा जोडला तर सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे कर्करोगकारक विष, द्रावणात उतरते. टायटेनियम रंगते, पण तिथे कापडाच्या रंगाचा संबंध नसतो. व्होल्टेजनुसार थराची जाडी बदलते आणि प्रकाशामुळे रंग दिसतो. साच्यात ओतलेल्या इंजिन कव्हरांमध्ये सिलिकॉन भरपूर असते, त्यामुळे अॅल्युमिनियम असूनही ती राखाडी आणि डागाळलेली निघतात.

आता मजबुतीचा मुद्दा, ज्यामुळे मी अस्वस्थ झालो. अॅल्युमिनियम ऑक्साइड अतिशय कठीण असते, म्हणून पृष्ठभागावर ओरखडे कमी उठतात, अर्धसत्य एवढेच. कठीण असणे आणि ताण सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा थर भांड्यावरच्या चिनीमातीच्या लेपासारखा ठिसूळ असतो. लिव्हर हजारो वेळा दाबला जातो, हँडलबार सतत थरथरतो, आणि अशा वारंवार येणाऱ्या ताणाखाली ठिसूळ थरात आधी बारीक भेगा पडतात व तिथून त्या खालच्या धातूत शिरतात. अभियंते याला फटीग म्हणतात. अॅल्युमिनियमच्या अॅनोडायझिंगसाठी जगभर वापरले जाणारे अमेरिकी लष्कराचे एमआयएल-ए-८६२५ हे विनिर्देश वाचले तर फटीगच्या दृष्टीने नाजूक भागांसाठी त्यात क्रोमिक आम्लाचा पहिला प्रकार सुचवला आहे, आणि कारण दिले आहे थराच्या पातळपणाचे. सल्फ्युरिक आम्लाचा जाड, रंगीत थर हा दुसरा प्रकार. लष्करी कामासाठी लिहिलेली ही सूचना ब्रेकच्या लिव्हरला लागू नाही असे मानायला मला काहीच आधार दिसत नाही.

"कंपन्याही तर ब्रेकचे भाग अॅनोडाइझ करतात", असे भाचा म्हणाला. करतात, पण मिश्रधातू, थराची जाडी आणि मापातली सूट हे सगळे आधीच ठरवून. त्यांनी दिलेला थर कॉस्टिक सोड्याने काढायला गेलो तर सोडा ऑक्साइड संपल्यावर थांबत नाही. तो अॅल्युमिनियमही खातो आणि पृष्ठभागावर खड्डे पाडतो, जिथून पुढे भेगा सुरू होऊ शकतात. कॅलिपरच्या आत पिस्टनचे भोक काटेकोर मापाचे असते आणि तेलाच्या बारीक वाटा असतात. त्या वाटांत अडकलेले आम्ल वरवर धुऊन निघत नाही. आटे असलेल्या भागात तर थर जितका बाहेर वाढतो त्याच्या चौपट आट्यांचा मधला व्यास बदलतो. ज्या वस्तूवर जीव अवलंबून आहे तिच्यावर हा प्रयोग करा असे सांगणाऱ्याचा मला राग येतो.

दार लावण्याचा सल्लाही तितकाच घातक आहे. ऋण टोकाला हायड्रोजन निघतो, त्याच्या बुडबुड्यांबरोबर आम्लाचे तुषार हवेत येतात आणि ते डोळ्यांत व फुप्फुसांत जातात. वीज चालू असताना चिमटा काढला तर ठिणगी पडते आणि बंद खोलीत साठलेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो. म्हणून काम उघड्या हवेत, चष्मा व हातमोजे घालून करावे, आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीच ओतू नये, आणि उरलेले द्रावण धुण्याच्या सोड्याने निष्प्रभ केल्याशिवाय मोरीत सोडू नये.

रंग आयुष्यभर टिकतो, हेही खरे नाही. रंगवल्यावर भाग उकळत्या पाण्यात ठेवून छिद्रे बंद करावी लागतात, थराच्या दर मायक्रॉनला साधारण दोन ते तीन मिनिटे. ही पायरी संदेशात नाहीच. ती केली तरी कापडाचे बरेचसे रंग उन्हात विटतात, आणि चाके धुण्याची तीव्र आम्लारी द्रावणे थरच उतरवतात.

लिव्हर आणि कॅलिपर मी भाच्याकडून परत गाडीवर बसवून घेतले आहेत. आणलेल्या अॅसिडमध्ये रविवारी आम्ही अंगणात अॅल्युमिनियमचे बार-एंड, म्हणजे हँडलबारच्या टोकांची बोंडे, आणि आरशाच्या दांड्याचे टोपण रंगवणार आहोत, कारण त्यांच्यावर कुठलाच भार येत नाही आणि बिघडले तर फक्त रंग बिघडेल.