शेड्यूल्ड म्हणजे मीटिंग नव्हे!

ऑर्ग मोड (इमॅक्स एडिटरमधली कामं-नोंदी सांभाळायची सोय) शिकवणारा जो तो मीटिंगला 'शेड्यूल्ड' लावायला सांगतो, डोकंच फिरतं! अरे, शेड्यूल्ड म्हणजे कामाला हात घालायचा दिवस, 'डन' म्हणजे झालं अशी खूण करेपर्यंत ते रोज अजेंड्यात, म्हणजे दिवसाच्या यादीत, येत राहणार, मग मंगळवारी उरकलेली मीटिंग शुक्रवारीपण छळणारच ना. मीटिंगला टोकदार कंसातली < > साधी तारीख पुरते. चौकोनी कंसातली अजेंड्यात येत नाही, हेही कुणी धड सांगत नाही. आणि रिपीटर, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या कामाच्या तारखेला लावायची खूण? नुसता प्लस जुन्या तारखेपासून एकच टप्पा सरकतो, दोन प्लस पुढची येणारी तारीख गाठेपर्यंत उड्या मारतात, डॉट-प्लस काम झालं त्या दिवसापासून मोजतो. घरभाड्याला नुसता प्लस लागतो, झाडांच्या पाण्याला डॉट-प्लस, एवढं उदाहरण द्यायला काय जातं राव?