फिती, चेंडू आणि दोन टक्के

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीचा सीएसआर (म्हणजे सामाजिक दायित्वाचा) विभाग आपल्याकडे असेल आणि झाडे लावून, दप्तरे वाटून, गोदाघाट झाडून आपण कंटाळला असाल, तर यंदा मुलांचे मानसिक आरोग्य घ्यावे. विषय जागतिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे 10 ते 19 वयोगटातील दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकार असतो, आणि जगभरची सरकारे आरोग्यखर्चातील जेमतेम 2 टक्के लहानमोठ्या सर्वांच्या मानसिक आरोग्यावर लावतात. 2013च्या कंपनी कायद्यानेही आपल्याकडून सर्व सत्कृत्यांसाठी मिळून सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्केच मागितले आहेत. त्यामुळे कोणी कोणाला हिणवण्याचा प्रश्न येत नाही.

दिवस ठरलेला आहे: 10 ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. शाळा मात्र विचारपूर्वक निवडावी. पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळेत घर सोडून राहिलेली सहा-सात वर्षांची मुले रात्री का रडतात, हा प्रश्न गंभीर खराच. पण तिथवर जायला घाट लागतो आणि फोटो पाठवायला रेंज मिळेलच असे नाही. गंगापूर रोडला वातानुकूलित सभागृह मिळते. तेथे मुलांना मानसिक आरोग्याची खूण असलेल्या हिरव्या फिती, कंपनीचे बोधचिन्ह छापलेले दाबायचे मऊ चेंडू आणि 'तणावमुक्त परीक्षा' या विषयावरचे पाऊण तासाचे भाषण द्यावे. सहप्रायोजक म्हणून एखादा कोचिंग क्लास मिळाला तर उत्तमच. गुणवंतांच्या छायाचित्रांचा त्यांचा फलक मंचामागे लावला की तणाव म्हणजे काय, हे वक्त्याला वेगळे समजवावे लागत नाही.

"साहेब, चेंडू नकोत, वर्षभरासाठी एक समुपदेशक द्या," असे म्हणणारी एखादी हट्टी मुख्याध्यापिका भेटेलच. तिला हसून नकार द्यावा. समुपदेशकाला दरमहा पगार द्यावा लागतो, त्याचे उद्घाटन करता येत नाही, आणि मूल त्याच्याजवळ जे बोलते ते गोपनीय असल्याने वार्षिक अहवालात छापताही येत नाही. शिवाय असा माणूस शाळेत दोन-तीन वर्षे टिकला तर मुले खरोखरच बोलू लागतात. आई-बाबा दोघेही पाळीला जातात, ठेकेदाराने पगार थकवला की घरात भांडणे होतात, असेही सांगू लागतात. त्यातील एखादी पाळी आपल्याच कारखान्यातली निघाली, तर विषय सीएसआरकडून मनुष्यबळ विभागाकडे जाईल, आणि तिथे दोन टक्क्यांची सोय नसते. मुख्याध्यापिकेला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी मदतसेवेचा 14416 हा क्रमांक द्यावा. तो सरकारी आणि निःशुल्क आहे, म्हणजे आपल्याला काहीच पडत नाही.

परिणामांची धास्ती नसावी. एक कोटीपेक्षा कमी खर्चाच्या प्रकल्पाला कायद्याने स्वतंत्र मूल्यमापन लागत नाही. अभिप्रायाचे कागद वडापाव वाटण्यापूर्वी भरून घ्यावेत, कारण भुकेले मूल हसऱ्या चेहऱ्यावर पटकन खूण करते. एखादीने कागदाच्या मागे 'ताई, तुम्ही परत कधी येणार?' असे लिहिले असेल, तर तो कागद 'उत्कृष्ट प्रतिसाद' या गठ्ठ्यात ठेवावा. उरलेल्या फिती कोरड्या जागी ठेवाव्यात. साल छापलेले नसले तर पुढच्या ऑक्टोबरलाही चालतात.